सायत्राबाईंचा न वाकणारा गुडघा

गेल्या महिन्यात बल्लारपुरात एका पेशंटच्या घरी मी चांगलीच तोंडावर आपटले... आणि बरं झालं आपटले.

मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते आणि व्यायामापेक्षा बडबड जास्त करते. अम्मी म्हणते, मला गप्प करायलाच माझे पेशंट लवकर बरे होतात.

सायत्राबाई पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावच्या. चंद्रपूरला गुडघा बदलला आणि पुढचे काही आठवडे लेकीकडे, ज्योतीकडे राहायला आल्या. टाके सुकले, सूज उतरली, एक्स-रे छान... पण गुडघा काही वाकेना.

साठ अंशांवर गाडी अडायची. मी हात लावायच्या आधीच मांडी घट्ट व्हायची. "लय दुखून राह्यलं, मॅडम," एवढंच म्हणायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. डॉक्टरांनी दोन आठवडे दिले होते. तेवढ्यात नाही जमलं तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागणार होता, आणि त्यानंही नाही झालं तर पाय ताठच राहण्याची भीती होती.

मग मी माझा नेहमीचा उपाय काढला. बरं व्हायला माणसाच्या डोळ्यांसमोर काहीतरी हवं ना... जंगलातल्या बाईसमोर काय ठेवायचं? मोहफुलं. "बाई, मोह पडायच्या आत तुम्हाला झाडाखाली बसवते की नाही बघा," असं मी रोज म्हणायचे. मोठ्या प्रेमानं. आणि गुडघा रोज आणखी आखडायचा.

मला वाटलं, बाई अंग चोरतात. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

त्या मंगळवारी मी पुन्हा तेच सुरू केलं तेव्हा ज्योतीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. "मॅडम, मोहाचं नका काढू आईपाशी. मागच्या साली काकूले मोहाखालूनच वाघानं नेलं. आई बाजूच्याच झाडाखाली व्हती."

काकू म्हणजे सायत्राबाईंची धाकटी जाऊ, पार्वता. लग्न होऊन आल्यापासून दोघी सोबतच मोह वेचायच्या. पहाटे, उकिडवं बसून, मान खाली... तशी बसलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मलाही. आणि मी त्यांना रोज त्याच झाडाखाली नेऊन बसवत होते.

मी परत जाऊन त्यांच्यापाशी बसले. चुकलं म्हटलं. त्या म्हणाल्या, "मले उठताच आलं नाई तवा. या गुडघ्यानं उठू देल्लं नाई. आता हा बरा झाला का मले पुन्हा मोहाले जा लागन ना."

दुखणं खोटं नव्हतं. भीतीनं स्नायू आवळतात, आवळले की जास्त दुखतं, दुखलं की भीती वाढते... हे मी परीक्षेत लिहून पास झाले आहे.

ज्योतीनं तिथूनच गावाकडच्या भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. गावात मोहाची झाडं घरोघरी वाटून दिलेली असतात; आपल्या वाटणीची सोडायची नाहीत, हे त्यालाही मान्य होतं. पण तो म्हणाला, "तू काऊन जातं, आई? वेचाले आमी सगळे मिळून जाऊ, उजाडल्यावर. तू अंगनात खुर्चीवर बसून वाळव."

त्या दिवशी मी व्यायामाचं नावच काढलं नाही. नुसता त्यांचा पाय हातात घेऊन बसले आणि पार्वता कशी होती, एवढं विचारलं. ती म्हणे एक फूल टोपलीत टाकायची आणि एक तोंडात. तिची टोपली कायम अर्धीच. सांगता सांगता सायत्राबाई हसल्या, मग रडल्या... आणि माझ्या हाताखाली गुडघा पंचाहत्तरपर्यंत गेला. त्यांना कळलंही नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

मुदत संपायच्या आधी नव्वदच्या पुढे गेला. भूल टळली.

आता नवा पेशंट आला की मी त्याच्या डोळ्यांसमोर काही ठेवायला जात नाही. बरं झाल्यावर कशाची भीती वाटते, ते आधी विचारते.

परवा ज्योती मोहफुलांची एक पिशवी देऊन गेली. वेचलेली सुनेनं, वाळवलेली सायत्राबाईंनी. पिशवी अर्धीच भरलेली... "आईनंच अर्धी भरली. म्हणे, ही पार्वताची."

पोचली बरं का, बाई.