कोळीवाड्यातून निघालेली कादंबरी

कादंबरी लिहायला घेतली की कादंबरीच्या आधी किस्सेच तयार होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तशी कमी बोलणारी. त्यामुळे मी बसलेय हे विसरून माणसं मोकळी बोलतात आणि माझ्याकडे माल साठत जातो. सुकटीसारखं आहे ते. मूठ मूठ म्हणता म्हणता पिंप भरतं! मैत्रिणी विचारायच्या, "लिहितेस ते ठीक, पण छापून कधी येणार?" सांगायला तारीख नसायची. किस्से मात्र असायचे.

*

माझं माहेर रोह्याकडचं, भातशेतीवालं. निलेश आणि मी अलिबागच्या कॉलेजात भेटलो. त्याचं घर मुरुडजवळच्या कोळीवाड्यात, दारात समुद्र आणि समुद्रात त्यांची बोट. लग्नाची बोलणी करायला मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "पोरगी करते काय?"

बाबा चाचरत म्हणाले, "ट्यूशन घेते. आणि... कादंबरी लिहिते."

निलेश चहाच्या कपात काहीतरी शोधत बसला. शेवटी सासूबाईच बोलल्या.

"लिवू द्या की! आमच्यात वाचणारा कुणी न्हाय, म्हणजे भांडण न्हाय."

लग्न ठरलं.

*

सासूबाईंना मी आई म्हणते. लिहायला जागाही त्यांनीच दिली. गच्चीवर जवळा सुकत घातला की कावळे हाकलायला माणूस लागतं. "तू नायतरी गप बसतेस. वर बस." मग काय, मांडीवर लॅपटॉप, शेजारी काठी! निम्मी कादंबरी मी अशी लिहिली. सगळ्यात हळव्या प्रसंगात मी तीनदा उठून "हाऽऽड" म्हटलंय.

एकदा शेजारच्या काकूंनी खालून विचारलं, "सून दिसत न्हाय ती?"

"वर हाय. कादंबरी लिवते."

"मग कावळे कोण हाकलतं?"

"तीच! लय शिकलेली हाय."

*

पहिली वाचक माझी नणंद, प्राची. कॉलेजला जाताना एसटीत मोबाईलवर वाचायची. माझा नायक प्रेमभंगानंतर खिडकीशी बसून राहतो, त्या प्रकरणाचा मला फार अभिमान होता. संध्याकाळी प्राची दारातूनच ओरडली, "वहिनी, हा माणूस दहा पानं झाली जेवला न्हाय! प्रेमभंग झालाय की पोट बिघडलंय?"

मी रागावले. मग गुपचूप जाऊन त्याला बोंबलाचं कालवण आणि भात वाढला. दुसऱ्या दिवशी प्राची हळूच म्हणाली, "आता रडू आलं."

*

मग मी प्रकाशक शोधायला लागले. बरेच दिवस कुणी दाद देईना. आणि एके दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. "मॅडम, आम्ही छापू! खर्च तेवढा तुमचा." मी आनंदाने उडीच मारणार होते. पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी आई मासे साफ करत होत्या.

"मासळी आपली, जाळं आपलं, अन् घेणाऱ्यालाच वर पैसे द्यायचे?" त्यांनी कोयता खाली ठेवला. "त्याला म्हणावं, त्यापेक्षा बोटीवर कामाला ये!"

गृहस्थांनीच फोन ठेवला.

*

मुंबईच्या एका प्रकाशनाच्या संपादक मॅडमनी मात्र छापील प्रत मागवली. मी प्रिंट काढून पाकीट भरलं आणि पोस्टात टाकेपर्यंत माळ्यावर ठेवलं. माळ्यावर सुकट असते, हे माझ्या लक्षातच आलं नाही! मॅडमचा मेसेज आला: "वाचायला घेतलीय. कादंबरीला समुद्राचा वास आहे, असं आम्ही नेहमी उगाच लिहितो. ऑफिसची मांजर कालपासून तुमच्या पाकिटावर बसून आहे."

मी तो मेसेज घरभर वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "मांजराला आवडली म्हणजे माल ताजा."

*

मॅडमना कादंबरी आवडली! फक्त शेवट पुन्हा लिहायचा होता. वेळेत झाला तर पुस्तक याच वर्षी. मी जीव तोडून लिहिला आणि संपवला. पाठवायचा तेवढा बाकी होता.

आता आमच्या कोळीवाड्यातली एक रीत सांगायला हवी. बोट भरून आली तरी मासळी विकली जाईपर्यंत तसं तोंडाने म्हणायचं नाही. दृष्ट लागते. कुणी विचारलं, तर "काय न्हाय" म्हणायचं; घेणारे टोपल्या घेऊन आले, की माल त्यांना आपोआप दिसतो. मला कुठे माहीत! लग्नानंतर पहिला महिनाभर मी सासऱ्यांना रोज धीर देत होते.

तर, मी बाजारात गेलेली. फोन घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीत, कारण रेंज तिथेच येते. मॅडमचा फोन आला, आईंनी घेतला. "कादंबरीचं कुठवर आलं?"

"कसली कादंबरी!" आई म्हणाल्या. "काय न्हाय. पोरगी नुसती बसून असते."

मी परत आले तर मेसेज: "सासूबाईंकडून कळलं. मनाला लावून घेऊ नका. यंदा तुमच्या जागी दुसरं पुस्तक घेतेय."

त्या घरात मी पहिल्यांदा ओरडले. "आई, झाली होती ना लिहून!"

"मग काय विकायच्या आधी बोंब मारू?" आईही ओरडल्या. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. हात पदराला पुसून म्हणाल्या, "लाव फोन."

निलेश, प्राची, सासरे, सगळे खिडकीशी गोळा. "बाई, मी हिची सासू. मगाशी बोलले ते..." पुढे शब्दच फुटेना. जन्मात जे तोंडातून काढलं नाही, ते एकदम कसं काढणार? मी हात जोडले. आईंनी घाम पुसला.

"आमच्यात बोलत न्हाईत ओ बाई. तुम्ही असं करा, टोपली घेऊन या."

आणि फोन कट!

संपलं, असं मला वाटलं. तासाभराने मेसेज आला: "रविवारी येते. मांडव्याला न्यायला या."

रविवारी मांडव्याच्या जेट्टीवर आम्ही सगळे. आई नवं लुगडं नेसून, अबोलीचा गजरा माळून. बोटीतून गॉगल उतरले, ट्रॉली बॅगा उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी मॅडम उतरल्या. काखेत वेताची कोरी टोपली, टोपलीत कराराचे कागद.

कुणीच हसलं नाही. आई पुढे झाल्या, टोपली हातात घेतली, फिरवून पाहिली, बुडावर टिचकी मारली.

"बाई," त्या म्हणाल्या, "लहान आणलीत."