मंचावर मुडदा म्हणू नये

माझं तोंड वाईट आहे, हे मी लग्नाआधीच सासरच्यांना सांगून टाकलं होतं. मी लातूरकडची, नांदायला दापोडीला आले, आणि आता महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. आम्ही मोटारसायकलचं ब्रेक पेडल बनवतो. तुम्ही पायाने दाबता ना, ते. ते तुटलं की पुढचं सगळं देवावर. त्यामुळे माझ्या तोंडाची आजवर कुणी तक्रार केली नव्हती. शॉपवर, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी, बोलण्याला माप असतं. 'अहो' म्हटलं की काम उद्या केलं तरी चालतं, 'अरे' म्हटलं की आज करायचं, आणि त्याच्या पुढचं काही कानावर आलं की हातातला चहा खाली ठेवून पळायचं. हे माप कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण ते चुकतही नव्हतं.

मग वरून फर्मान आलं, की यापुढे कामाचं सगळं बोलणं एका ॲपवर. व्हॉट्सॲपचे ग्रुप बंद, फोनाफोनी बंद. ॲपचं नाव ठेवलं 'मंच'. त्यावर कसं वागायचं याचे नियम सांगायला एचआरचे साहेब स्वतः कॅन्टीनमध्ये आले. पोरगेलेसे, गोड बोलणारे. आदराने लिहा. टोमणे नकोत. नकारात्मक शब्द नकोत. कॅपिटल अक्षरांत लिहू नका, ते ओरडल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, साहेब, मराठीत कॅपिटल अक्षरं नसतात. ते म्हणाले, मॅडम, भावना समजून घ्या. चूक सांगायची असेल तर आधी कौतुक, मध्ये सूचना, शेवटी पुन्हा कौतुक, याला म्हणे सँडविच म्हणतात. माझ्या शेजारचा वेल्डर पुटपुटला, "वडापाव म्हना की राव, कळंल तरी."

शेवटचा नियम मात्र साहेबांनी माझ्याकडे बघून सांगितला. तीन वॉर्निंग झाल्या की मंचावरचं खातं बंद, आणि खातं नसलेल्या माणसाला शिफ्टप्रमुख होता येणार नाही. ती जागा रिकामी होत होती आणि माझं नाव वर गेलेलं होतं. आमच्या प्लांटमध्ये त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नव्हती. मला ती खुर्ची हवी होती. उगाच साळसूदपणा कशाला करू, फार हवी होती.

पहिली वॉर्निंग मिळाली ती मेंदीवरून. प्रेस मशीनवरच्या एकाचं काम रेंगाळलं होतं, त्याला मी लिहिलं, 'भावा, हाताला मेंदी लावलीय का?' ॲपमधल्या यंत्राने ते पकडलं. म्हणे लिंगभेदी शेरा. बाईने पुरुषाला मारलेला! ज्याला म्हटलं तो बिचारा हसणारी तोंडं टाकून कामाला लागला होता, तर टोमण्याला प्रोत्साहन दिलं म्हणून त्यालाही समज मिळाली.

दुसरी म्हणीवरून. स्टोअरमधला गोंधळ बघून माझ्या हातून लिहिलं गेलं, 'आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.' एका वाक्यात दिव्यांगांचा अपमान आणि सहकाऱ्याला कुत्रं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मॅडम, यातलं कुत्रं नेमकं कोण?" मी म्हटलं, "साहेब, ते अजून ठरलेलं नाही." हे त्यांनी लिहून घेतलं नाही, एवढीच देवाची कृपा.

त्यानंतर मी जिभेला कुलूप लावलं. सगळेच सभ्य झाले होते. मशीन बंद पडलं की 'मशीनला विश्रांतीची गरज भासत आहे'. संडासात पाणी नसलं की 'प्रसाधनगृहात सुधारणेला वाव आहे', आणि खाली ओळीने लाल बदाम. कुठे आग लागलीय आणि कुठे नुसता बल्ब गेलाय, काही कळेना. ती सवय माझ्या घरापर्यंत आली. एका सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "आपण ओला टॉवेल उचललात तर बरं होईल." तो घाबरून म्हणाला, "अगं, बरं वाटत नाही का तुला?"

मग तो दिवस आला. माझी दुसरी शिफ्ट होती. चहानंतर मी सकाळच्या लॉटमधलं एक पेडल चाचणीला लावलं, आणि ते वेल्डिंगपाशी कडकन तुटलं. दुसरं लावलं, तेही. तिसरं लावलं, तेही गेलं. तो लॉट पास होऊन रस्त्यापलीकडच्या डिस्पॅचच्या शेडमध्ये गेलेला, ट्रकमध्ये भरणं चालू होतं. डिस्पॅचवाल्याला फोन लावला, उचलला नाही. चऱ्होलीच्या जुन्या घरातला गडी, कामाला वाघ. पण फोनाफोनी बंद झाल्यापासून फोन ड्रॉवरमध्ये टाकून मंचाच्या स्क्रीनवर डोळा ठेवायचा, नियमाला धरून. म्हणून मग मीही नियमाला धरून लिहिलं.

'डिस्पॅच टीमच्या कामाचं मनापासून कौतुक. सकाळच्या लॉटमध्ये वेल्डिंगच्या मजबुतीबाबत सुधारणेची संधी आढळली आहे. शक्य झाल्यास लोडिंगबाबत पुनर्विचार व्हावा. आपल्या वेगाला सलाम.'

खाली लगेच बदाम उमटला. 'धन्यवाद मॅडम. वेग आजून वाढवतो.'

आणि वाढवला की हो मेल्याने! बघता बघता स्क्रीनवर आलं, लोडिंग पूर्ण, गाडी गेटकडे. मी बोटं कीबोर्डवर ठेवून बसले. तिसरी वॉर्निंग म्हणजे खुर्ची गेली, हे मला पक्कं माहीत होतं. पण आमच्या शॉपवरचा प्रत्येक जण दुचाकीवर येतो. माझा नवरा याच पेडलच्या गाडीवरून रोज चाकणच्या ट्रकांच्या गर्दीतून घरी येतो, आणि मला वाटलं, उद्या तो ब्रेक दाबेल आणि पायाखाली काहीच नसेल. डोक्यात सणक गेली.

'मुडद्या, ती गाडी गेटाबाहेर गेली तर तंगडं मोडून हातात देईन. पेडलं तुटतायत. माणसं मरतील.'

गाडी गेटातच थांबली. डिस्पॅचवाला रस्ता ओलांडून धापा टाकत माझ्यापुढे आला. "मॅडम, आदीच असं मराठीत सांगायचं न्हाई व्हय?" तो पोचायच्या आत माझं खातं बंद झालेलं होतं. कारण, हिंसेची धमकी.

सगळा लॉट परत आणला, तपासला, भंगारात गेला. साहेब म्हणाले, मॅडम, क्वालिटीबद्दल अभिनंदन, पण वर्तन हा वेगळा विषय आहे. माझी चौकशी बसली. समोरच्याला मेसेजचं भय वाटलं नसेल तर खातं परत चालू होईल, वाटलं असेल तर शिफ्टप्रमुखपद विसरा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि साक्षीदाराशी आधी बोलायचं नाही, हाही नियम होताच. सगळी भिस्त डिस्पॅचवाल्यावर. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. केबिनच्या दारात मला बघून म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, आमी हाय. जे झालं ते खरं खरं सांगतो." मला हायसं वाटलं.

साहेबांनी विचारलं, "मॅडमचा मेसेज वाचून तुम्हाला भीती वाटली का?"

तो ताठ बसला. माझ्याकडे अभिमानाने बघत म्हणाला, "व्हय साहेब, लई भीती वाटली. हातपाय गार पडलं. म्हनून तर गाडी थांबवली."

भीती वाटली, हातपाय गार पडले, एवढं साहेबांनी लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.