उशाची बाजू

तिसऱ्यांदा गाडी माझ्या शेडमध्ये आली आणि तिसऱ्यांदा तिला काहीच झालेलं नव्हतं. फ्रिज थंड, दिवे लख्ख, पंप व्यवस्थित.

वरवे बुद्रुकला हायवेलगत माझं शेड आहे. टेम्पो ट्रॅव्हलरची सीटं काढून आम्ही आत घर बसवतो. ओटा, पलंग, फ्रिज, पाण्याची टाकी. ही गाडी पाटणकर काका-काकूंची, सांगलीच्या. काका सत्तरीचे. दोन महिने भटकायचं, हे त्यांचं नोकरीत असल्यापासूनचं स्वप्न.

"मुलाणी," काकू म्हणाल्या, "यांचं दोन महिन्यांचं इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये आहे. एकदा सगळं फेकावं लागलं. आता आणखी एकदा फ्रिज बंद पडला की आम्ही सरळ घरी."

 काकांनी आपली वही माझ्यापुढे सरकवली. मुक्काम, तारीख, सकाळची बॅटरी. असं गिऱ्हाईक मला आवडतं. अकरा मुक्कामांपैकी तीन वेळा सकाळी बॅटरी तळाला गेलेली. कोल्हापूर, सातारा, पुणे, शहरांत सगळं ठीक. बिघाड फक्त डोंगरात. मी आधी थंडीचं कारण धरलं, मग खड्ड्यांचं. वायरींचे सगळे जोड नव्याने केले, तरी मनाला पटेना.

"पुढचा मुक्काम कुठं?"

"वेल्ह्याकडे. धरणाच्या काठी."

"मी येतो. तिथंच बघू."

नसरापूरहून आत वळलो. भात पिवळं पडलं होतं. उघड्या काचेतून त्याचा वास आत येत होता, आणि त्या वासात तीस किलोमीटर कसे सरले ते कळलं नाही. हौसाबाई नावाच्या शेतकरणीच्या भातखाचराच्या वर, गवताच्या उतारावर गाडी लावायची होती. खाली पाणी, पाण्यात ढग, आणि त्या ढगांमधून एक बगळा सावकाश चाललेला. मी हातातला टेस्टर विसरून थोडा वेळ नुसताच उभा राहिलो.

काकू मोबाईलवर होकायंत्र धरून काकांना हात दाखवत होत्या. "अजून डावीकडे. अजून. हां, बास!" गाडीचं तोंड पाण्याकडे झालं.

चहाची भांडी विसळून काकूंनी नळ बंद केला. पंपाची घरघर मात्र चालूच राहिली.

"हा आवाज?" मी विचारलं.

"फ्रिजचा ना?" काकू म्हणाल्या.

फ्रिजचा नव्हता. नळ उघडला की पंप सुरू होतो, बंद केला की पाइपात दाब भरतो आणि पंप थांबतो. पाण्याऐवजी हवा ओढली, तर दाब भरतच नाही. मग पंप सात अँपिअर खात राहतो, बॅटरी उतरते आणि फ्रिज बंद पडतो.

मी ओट्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मागच्या टोकाला जाऊन चिकटला. पलंगाची फळी उचलली. पलंगाएवढी लांब, चपटी टाकी निम्म्याहून जास्त रिकामी होती आणि उरलेलं पाणी पुढे गोळा झालं होतं. पंपाची नळी मी मागच्या बाजूला काढलेली. ती कोरडी. शेडमधली फरशी शहरातल्या रस्त्यांसारखीच सपाट आहे, त्यामुळे तिथे हे कधीच दिसलं नसतं. चूक माझी होती.

"काका, गाडी उलटी लावा. मागची बाजू पाण्याकडे."

"जमणार नाही," काका म्हणाले. "मग डोकं उत्तरेला येतं. आमच्यात उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत."

मी वाद घातला नाही. आमच्या घरी पश्चिमेकडे, काब्याच्या दिशेला, पाय करून कुणी झोपत नाही. भोरच्या घरातले पलंग मी स्वतः तसे मांडलेत. तरी यांना विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मग पुढची चाकं उचलायचा हिशोब केला. चार अंशांचा उतार, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साडेतीन मीटरच्या वर. म्हणजे चाकांखाली दहा इंच दगड. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "दहा इंचांवर मी झोपायची नाही." आणि काकांना म्हणाल्या, "चला हो. सांगलीला."

काका वहीची पानं उलटत राहिले.

हौसाबाई कधीच्या बांधावर विळा घेऊन बसल्या होत्या. "आवो काका," त्या म्हणाल्या, "गाडी फिरवा आन् उशी दुसऱ्या अंगाला घ्या की. उशीला काय खिळं ठोकल्यात व्हय?"

आम्ही तिघांनी पलंगाकडे पाहिलं. पलंग दोन्हीकडून सारखाच होता. पण माझ्या ड्रॉइंगमध्ये मागच्या टोकाला 'उशाची बाजू' असं लिहिलेलं होतं, म्हणून वाचायचा दिवा तिथे, टेकायची फळी तिथे. आम्ही तिघांनी तो कागद देवाचा शब्द मानला होता.

"काय बघताय?" हौसाबाई हसल्या. "लई शिकल्याला मानूस उशीला भितो, आं?"

काकू आधी हसल्या. मग काकांनी गाडी फिरवली. टाकीतलं पाणी मागे गेलं, पंप दोन क्षण घरघरला आणि गप्प झाला. त्या शांततेत खाचरातला वारा ऐकू येऊ लागला.

सकाळी मी भोरहून टाकीचं सामान घेऊन पुन्हा गेलो. मागचं दार सताड उघडं होतं. दोघं अजून पांघरुणातच उशांना टेकून बसलेले. पायांच्या पलीकडे थेट पाणी, पाण्यावर धुकं, आणि त्या धुक्यात पलंग जणू होडीसारखा तरंगत होता. फ्रिज चार अंशांवर. काकांनी वहीत बॅटरीचा आकडा लिहिला. पुढे, आजवर कधी नव्हता, असा एक शब्द लिहिला: 'छान.'

"मुलाणी, चहा घ्या," काकू म्हणाल्या. "आणि यांना विचारा, इथून पुढे कुठं."

टाकीला पुढून दुसरी नळी आणि उतार बघून नळी बदलायचा कॉक मी तरीही बसवला. उशी फिरवता येते म्हणून माझी चूक बरोबर ठरत नाही. आता नवीन गिऱ्हाईक आलं की लांबी-रुंदी नंतर मोजतो. आधी विचारतो, डोकं कुठं करून झोपता?