चटणीतलं बी

ती घटना घडून इतकी वर्षं लोटली, तरी तिचा एकेक तपशील मला आजही आठवतो. खरं सांगायचं तर तो आठवला की माझा मलाच राग येतो. मी तेव्हा नंदुरबारला फौजदार होतो. जिल्हा पश्चिम खानदेश, मोठे साहेब धुळ्याला, आणि तालुक्यातली सगळी खून-दरोड्यांची कामं माझ्या गळ्यात. समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मला पाच मिनिटांत कळतं, असा माझा ठाम समज होता. बहुतेक वेळा ते कळायचंही, नाही असं नाही.

पौषातले दिवस होते. सकाळची हजेरी चालू असताना तापीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील घोड्यावरून वर्दी घेऊन आला. गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरी आदल्या दुपारी जेवणं झाली आणि तासाभरात चार माणसं वेड्यासारखी करू लागली. म्हातारा मालक, त्याचा धाकटा मुलगा आणि दोन सालदार गडी. तोंडं लाल, घसा कोरडा, डोळ्यांच्या बाहुल्या ही एवढ्या मोठ्या, आणि हवेतले नसलेले दोरे बोटांनी ओढत बसलेले. तिघं वाचण्याच्या मार्गावर होते. म्हातारा दिवेलागणीला गेला.

वर्दी लिहून झाल्यावर पाटलाने मला बाजूला घेतलं. घरात विधवा थोरली सून होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायची चाल होती आणि तिच्या माहेरच्यांनी स्थळही आणलं होतं. म्हाताऱ्याने आठ दिवसांपूर्वी चार माणसांसमोर साफ सांगितलं होतं, "माझ्या जिवात जीव आहे तोवर ही या घरातून जायची नाही." पाटील म्हणाला, "साहेब, स्वयंपाक तिचाच. बाकी तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेतलं. जरा जास्तच घेतलं.

गावात पोचून पंचनामा केला. सासूला उपास होता, म्हणून ती वाचली. सुनेने घास खाल्ला नव्हता. पुरुषांची जेवणं झाल्याखेरीज बाई जेवत नाही, ही घरोघरची रीत. ती पानावर बसणार तोच ओसरीवर हा गोंधळ सुरू झाला. पण त्या वेळी मला दिसलं एवढंच की उपास नसलेले सगळे पडले आणि ही एकटी धडधाकट आहे. जेवणात भाकरी, वरण आणि चटणी होती. उखळात चटणीचा चोथा होता, तो बाटलीत घेतला. तिच्या फडताळात फडक्याचं एक गाठोडं सापडलं. शेरभर चपट्या पिवळट बिया. माझ्याबरोबर आलेल्या, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रोग्यांचे डोळे पाहूनच धोत्र्याचं नाव घेतलं होतं. मी गाठोडं हातात घेऊन तिला विचारलं, "हे काय?"

"मिरचीनं बी शे, साहेब," ती म्हणाली. "त्यानीच चटणी करी."

मी धाकट्या मुलाकडे वळलो. तो खाटेवर होता, पण शुद्धीवर आला होता. मी विचारलं, "चटणी कशाची होती?" तो शेजारी उभ्या पाटलाकडे पाहून म्हणाला, "लाल मिरचीनी. आम्हना घरमा दुसरी कसानी ऱ्हाई?" झालं. घरचा मुलगा मिरची म्हणतो, ही बी म्हणते. खोटं कोण बोलतंय हे ठरवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी मूळचा घाटावरचा. मिरचीचं बी गाठोड्यात बांधून जपून ठेवतात हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. गाठोड्याला लाखेचं सील ठोकलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि बाईला ताब्यात घेतलं.

मी मारझोडीचा फौजदार नव्हतो. बाईमाणसावर तर आवाजही चढवत नसे. जमादाराच्या बायकोला कोठडीशी बसवलं होतं. माझं हत्यार वेगळं होतं. तोच प्रश्न वीसदा, शांतपणे, रोज. तीन दिवस ती एकच सांगत राहिली. "चटणी मी कुटी, हाई खरं शे. पन त्यामा मी काही टाकं नही." चौथ्या दिवशी मी सरकारी रासायनिक तपासनिसाची तार तिला वाचून दाखवली. म्हाताऱ्याच्या पोटात धोत्राच निघाला होता.  ती म्हणाली, "मामाजी मन्ही चटणी खाईसन मरनात. मंग मीच मारं ना त्यास्ले. लिखी ल्या, साहेब."

मी लिहून घेतलं. छाती फुगली होती, लपवत नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर तो नोंदवण्यासाठी पुढच्या आठवड्यातला दिवस मागितला. तिथे ती हेच बोलली असती तर फाशी चुकत नव्हती. खटला पक्का करायला एकच गोष्ट हवी होती, गाठोड्यातलं बी धोत्र्याचंच आहे असं कुणा जाणत्याने छातीठोक सांगायला हवं होतं. आमच्या डॉक्टरांचे जुने गुरू मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी विभागाचे मुख्य होते. औषध असो की विष, ते शरीरात शिरून काय करतं याचं हे शास्त्र. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मी रीतसर परवानगी काढली, मुद्देमाल घेतला, सुरतेला गाडी बदलली आणि मुंबई गाठली.

तो विभाग म्हणजे एक लांबट खोली. स्पिरिटचा वास, बरण्यांत मुळ्या आणि साली, कोपऱ्यातल्या हौदात बेडूक, आणि टेबलावर हृदयाचे ठोके नोंदायला काजळी धरलेला कागद गुंडाळलेलं एक नळकांडं हळूहळू फिरत होतं. प्राध्यापक बुटके, हसरे. मी खाड्कन सलाम ठोकला आणि म्हणालो, "हे धोत्र्याचं बी आहे. तेवढं लिहून द्यावं."

"लिहून हवंय तर आधी पाहू द्या की," ते म्हणाले.

दोघा साक्षीदारांसमोर सील फोडलं. त्यांनी बिया पांढऱ्या चिनी मातीच्या थाळीत पसरल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. चिमट्याने एकेक बी बाजूला सारत ते पुटपुटू लागले. "हे मिरचीचं. हेही मिरचीचं. मिरचीचं."  बऱ्याच वेळाने म्हणाले, "हं, हे धोत्र्याचं." मग मला जवळ बोलावलं. मिरचीचं बी गुळगुळीत नि फिकट. धोत्र्याचं तपकिरी, कानाच्या पाळीसारखं, काठाला दुहेरी कड. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक शेंबड्या पोरालाही कळला असता. गाठोड्यात मूठभर धोत्रा होता, बाकी सगळी मिरची.

उखळातला चोथा भाजून कुटलेला, तिथे भिंगाचं काम नव्हतं. त्याचा अर्क काढून त्यांनी मांजराच्या एका डोळ्यात दोन थेंब टाकले. आम्ही चहा घेतला. तोवर त्या डोळ्याची बाहुली फुगून गोल झाली, दुसऱ्या डोळ्यातली मात्र फटीसारखी उभीच राहिली.

"म्हणजे विष होतंच," मी म्हणालो. बुडत्याने काडी धरावी तसं.

"होतंच. विष होतं हे मांजर सांगेल. ते कोणी घातलं हे नाही सांगणार." त्यांनी थाळी माझ्यापुढे सरकवली. "फौजदार, विष घालणारा माणूस विष वेगळं ठेवतो. शेरभर मिरचीच्या बियांत मिसळून तेच गाठोडं स्वतःच्या फडताळात ठेवणारी बाई तुम्ही पाहिलीत? बघा, यात माती आहे, काड्या आहेत. ही शेळीची लेंडी आहे. हे झाडून गोळा केलेलं आहे. ते कुठून झाडलं, तेवढं जाऊन पाहा. मग मी लिहून देतो."

त्याच रात्री परतीची गाडी धरली. स्टेशनवर घ्यायला जमादार आला होता, तो इथलाच, पिढ्यान्पिढ्या. त्याला विचारलं, "इकडे मिरचीच्या बियांची चटणी करतात?"

"करतात की, साहेब. चांगली मिरची बाजाराला जाते. खळ्यावर वाळताना बी गळतं, ते बाया झाडून आणतात, पाखडतात, भाजून कुटतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "आणि मोठ्या घरचा मुलगा लाल मिरची म्हणतो, तिथे मी कसं म्हणू की तुम्ही झाडलेलं बी खाता?"

थेट त्या गावी गेलो. खळ्यावर अजून मिरची पसरलेली होती. एका कोपऱ्यात काट्यांच्या कुंपणाला खिंडार होतं आणि ते वाळक्या झुडपांनी बुजवलेलं होतं. झुडपांवर काटेरी बोंडं. उन्हाने तडकलेली, निम्मी रिकामी. खालच्या मातीत मिरचीच्या बियांबरोबर तेच तपकिरी बी पडलेलं. आजारातून उठलेला एक सालदार तिथेच होता. त्याला विचारलं, ही झुडपं इथे कोणी आणली?

"बाबानीच कोंबात," तो म्हणाला. "शेळ्या मिरचीमा घुसेत. धोतराले शेळी तोंड लावस नही, म्हनीसन."

बाबा म्हणजे गेलेला म्हातारा. मी ती बोंडं आणि खालची माती पंचांसमोर गोळा करून घेतली. सुनेने त्या आठवड्यात नेमका तोच कोपरा झाडला होता, घाईत पाखडायला चुकली होती, आणि भाजल्यावर सगळ्या बिया एकाच रंगाच्या झाल्या होत्या.

धाकट्या मुलाला समोर बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब, आम्हना घरमा खळाना बीनी चटणी खातस, हाई पाटीलना समोर कसं सांगू?" मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण मग दुसरी मला स्वतःला द्यावी लागली असती.

खळ्याचा पंचनामा, प्राध्यापकांचा अहवाल, सगळं जोडून कलम १६९ खाली सुटकेचा कागद मॅजिस्ट्रेटकडे पाठवला. मॅजिस्ट्रेटसमोर कबुली द्यायची तारीख दोन दिवसांवर होती. तिला कोठडीतून बाहेर काढून मी स्वतः सगळं समजावलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी सुटनू, खरं शे. पन आते मन्हा हातनं कोन खाई, साहेब?"

 मी टांगा जोडायला सांगितला आणि तिला घेऊन भर दुपारी त्या घरी गेलो. पाटलासह सगळं गाव जमलं. ओसरीवर बसून तिला म्हणालो, "मला भाकरी वाढ. चटणी कर, बियांचीच कर." तिने आत जाऊन बी घेतलं, दारात सुपात ओतलं आणि सगळ्यांसमोर एकेक निवडलं. भाजलं, कुटलं, वाढलं. मी जेवलो. डोळ्यांतून पाणी काढणारी तिखट होती. गाव नुसतं बघत उभं होतं, कोणी पुढे येईना. मग आतून तिची सासू आली. कपाळ मोकळं, पदर डोक्यावर ओढलेला. ती माझ्या शेजारी खाली बसली आणि सुनेला म्हणाली, "माले बी वाढ, माय." दोघी तिथेच रडल्या. मीही तिखटाचं निमित्त करून डोळे पुसले.

चैत्रात त्या सासूनेच पुढाकार घेऊन सुनेचा पाट लावून दिला.

पुढच्या नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघड केले, माणसं ओळखण्यात क्वचितच चुकलो, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण कबुलीजबाब घेण्याची माझी रीत त्या वर्षापासून बदलली. आरोपी 'मी केलं' म्हणाला की मी लेखणी खाली ठेवायचो आणि सांगायचो, काय केलंस ते हातांनी करून दाखव. खोटी कबुली तोंडाने देता येते, हातांनी देता येत नाही. त्या बाईला मी चार दिवसांत शंभर प्रश्न विचारले असतील. चटणी कशी केलीस ते करून दाखव, एवढं म्हणालो असतो तर तिने मला पहिल्याच दिवशी खळ्यावर नेलं असतं.