भासऱ्यांची लपलेली ओळ

लग्न होऊन आल्यापासून मी भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, एक शब्द बोललेली नाही. त्यांना त्यांच्याच बँडमधून काढलं मात्र मी.

मुखेडला दोघा भावांचा लग्नाचा बँड आहे. सासरे पोलीस बँडात होते, म्हणून आमच्याकडे गाणी पाच-पाच रेघांवर लिहून वाजवतात. प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी. आता लेक सुनीता ते कॉम्प्युटरवर लिहिते. लातूरला कॉलेजला जाताना तिने मला छापायचं शिकवलं.

"आई, ज्या पानावर एखादं वाद्य गप हाय, तिथं त्याची ओळ रिकामीच राहती. इथं टिक कर, मग ती दिसत न्हाई. कागद वाचतो."

कागद वाचतो म्हटल्यावर मी टिक केली. (चहापत्तीसुद्धा मी दोनदा उकळते.)

निलंग्याच्या वरातीला निघायच्या दिवशी भासऱ्यांनी पहिलं पान हातात घेतलं. क्लॅरिनेट होतं, ट्रम्पेट होतं, ढोल होता. त्यांच्या मोठ्या बाज्याची ओळच नव्हती. (ती दुसऱ्या पानावर होती, पण माणूस पहिल्याच पानावर रुसून मोकळा होतो.) बाजा खाली ठेवून ते ओट्यावर बसले.

"धाकट्याला बँड एकट्याचा पाहिजे. मी आपली शेती करतो."

"दादा, तुम्हाला कोण काढून राहिलं?" आमचे मालक म्हणाले.

"हा कागद."

वाट बघून गाडीवाला निघाला, त्याला थांबवायला मालक पळाले. सुनीता पेपरला बसलेली, फोन बंद. खरं काय ते एकट्या मला ठाऊक, आणि भासऱ्यांसमोर तोंड उघडायची रीत नाही. शेवटी मी पदर पुढे ओढून दारात आले आणि ओट्याजवळ बांधलेल्या शेळीला म्हणाले, "दुसरं पान बघा म्हणावं."

भासऱ्यांनीही शेळीलाच विचारलं, "पहिल्यावरनं कुणी काढलं म्हणावं?"

"काढलं न्हाई. ओळ रिकामी हाय, म्हणून लपलीय."

"म्हणजे मी रिकामा?"

मी आत पळाले, टिक काढली आणि सगळं पुन्हा छापलं. सगळ्यांच्या रिकाम्या ओळी उगवल्या. दोन पानांची चार झाली, कागद संपला, शेवटचं पान एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर निघालं. पहिलं पान मी अदबीने शेळीपुढे ठेवलं. तिने कोपरा खाल्ला.

"ए, माझी ओळ!" भासऱ्यांनी झडप घालून पान सोडवलं. मग ओळीवरून बोट फिरवलं. इकडून तिकडे नुसतं गप.

"एवढं गप बसायचं व्हतं, तर आधी सांगायचं न्हाई का म्हणावं," असं म्हणत त्यांनी बाजा उचलला. गाडी मिळाली, वरातही झाली.

तेव्हापासून दर नव्या गाण्यात सगळ्यात खाली एक जादा ओळ असते. तिच्यावर माझं नाव, आणि पुढे पानोपानी एकही सूर नाही. ती ओळ मात्र कधी लपवायची नाही, असं भासऱ्यांनी बजावलंय. शेळीला.