कोरड्या वाळूतलं पोहणं

माझ्या मावशीच्या यजमानांइतका पोहण्यातला जाणकार मी आजवर पाहिला नाही, आणि त्यांना पाण्यात मात्र कुणीच पाहिलं नव्हतं. काका बँकेत होते. बदली होऊन चेन्नईला आले आणि नुंगंबाक्कमच्या भाड्याच्या घरात त्यांनी पोहण्यावरची पुस्तकं जमवायला घेतली. रोज संध्याकाळी खुर्चीत डोळे मिटून ते श्वास कोंडून बसत. तेवढ्यात फोन वाजला की मावशी शांतपणे सांगायची, "ते पाण्याखाली आहेत. दोन मिनिटांनी करा." जेवताजेवता मध्येच त्यांचा उजवा हात ताटावरून पुढे झेपावे. एकदा त्या नादात सांबाराची वाटी शेजाऱ्यांच्या मांडीवर गेली, तर त्यांनाच म्हणाले, "बघा, कोपर खाली राहिलं की असं होतं!"

दहावीची परीक्षा देऊन मी धाकट्या बहिणीबरोबर सुट्टीला त्यांच्याकडे गेले होते. एका रविवारी सकाळी काकांनी आम्हा सगळ्यांना बेसंतनगरच्या किनाऱ्यावर नेलं. समुद्र पन्नास पावलांवर. आम्ही धावत सुटणार, तोच हुकूम झाला, "थांबा! आधी पालथ्या पडा." आम्ही वाळूत पडून हातपाय मारू लागलो आणि काका डोक्याला रुमाल बांधून "श्वास! पाय! श्वास!" करत भोवती फिरू लागले. एक तमिळ कुटुंब कौतुकानं थांबलं. काकांचं तमिळ भाजीपुरतं; पण "नीच्चल, नीच्चल", म्हणजे पोहणं, एवढ्या एका शब्दावर त्यांनी आजीबाईंसकट सगळ्यांना ओळीनं पालथं घातलं. अर्ध्या तासात चौदा माणसं कोरड्या वाळूत पोहत होती. वाटाण्याचं सुंडल विकणारा म्हाताराही भांडं बाजूला ठेवून पाय झाडत होता. शेवटी हे काहीतरी आंदोलन आहे असं वाटून एक हवालदार आला. सगळं ऐकून घेऊन त्यानं काठीनं लाटांकडे दाखवलं. "तण्णी अंगे इरुक्कु, सार." पाणी तिकडे आहे, साहेब.

"ते दुसऱ्या धड्यात," काका इंग्रजीत म्हणाले.

"यू नो स्विमिंग, सार?"

काकांनी डोक्याचा रुमाल सोडला. मग म्हणाले, "नो."

माणसं अंग झटकत उठली आणि पांगली. आजीबाईंनी तेवढा जाताना गुरूला करावा तसा नमस्कार केला. काका वाळूत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या गावात बुडायलासुद्धा पाणी नव्हतं गं. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. चाळिशीत हे एवढं पाणी पाहिलं आणि पायच पुढे होईनात. म्हटलं, वाचून तरी भीती जाईल."

मावशीनं साडी खोचली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला."

दोघं लाटेच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाणी आलं आणि माघारी फिरलं, तसे काका केवढ्यांदा ओरडले, "अगं, पायाखालची जमीन सरकतेय!"

"सरकू दे. मी धरलंय ना."

ऊन चढलं. मी हाक मारली, "काका, बस चुकेल!" मागे वळूनही न बघता ते म्हणाले, "चुकू दे."

त्या दिवशी ते घोट्याच्या वर भिजले नाहीत. पुढे निवृत्त होऊन दोघं गावी परतली. मावशी अजून म्हणते, "इतकी वर्षं तिथं राहिलो, पण समुद्र पाहिला तो त्या एका सकाळीच."