सायकलच्या पंपाचा दोष नव्हता
साउंड कार्ड जळलं नव्हतं. मी ते काढून नेलं होतं. हे एवढं सांगायला मला वीस वर्षं लागली.

तेव्हा मी परतवाड्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. मालकांना सगळे भाई म्हणत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. लागोपाठ कपाशी बुडालेली, फी परवडेना म्हणून पोरं गळत होती. उरलेली यायची ती शनिवारच्या मोटार शर्यतीच्या गेमसाठी. आवाज देणारं साउंड कार्ड एकाच मशीनला होतं. गेममध्ये टायर असे किंचाळायचे की समोरचा पानवाला चुना लावायचा थांबायचा.

मला अकोल्यात नोकरी लागली. घरचा माझा कॉम्प्युटर मुका. जायच्या आठवड्यात मी ते कार्ड पिशवीत टाकलं आणि त्या जागी भंगारातलं बसवलं.

"मास्तर, आवाज काहून नाही येऊन राहिला?"

"कार्ड जळलं, भाई."

त्यांचं तोंड उतरलं. "अरे, काल मीच सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवली. माह्याच हातानं गेलं!"

मी मशीनचं झाकण लावून टाकलं.

भाई तेव्हा माझ्याकडून रिपेअरिंग शिकत होते. त्यानंतर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर धरला नाही. पुढे क्लास बंद करून झेरॉक्सचं दुकान टाकलं. साधा कागद अडकला तरी अचलपूरच्या मेकॅनिकची वाट बघत बसायचे. फोनवर म्हणायचे, "आमी पंपानं मशीन मारनारे लोक!" मीही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात तेच कार्ड नव्या कॉम्प्युटरला लावायची हौस आली. नव्या मदरबोर्डला तसला स्लॉटच नसतो. अडॅप्टर मागवला, कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर जमवण्यात तीन रविवार घातले. बायको म्हणाली, "त्या कार्डाचं ताट वाढू का आता?" तेवढ्यात त्या जुन्या गेमचे टायर किंचाळले. मी खुर्चीतून उडालो. मग भाईंचं ते उतरलेलं तोंड आठवलं.

सगळं गाडीत घालून परतवाड्याला गेलो. भाईंच्या काउंटरवर गेम लावला.

"अबे, हे तर आपलं मशीन!"

"मशीन नवं हाये, भाई. कार्ड तुमचं."

"जळलेलं?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांनीही ऐकावं म्हणून मी मोठ्यानं बोललो.

"जळलं नव्हतं. मी चोरलं होतं. तुमच्या हाताले काही दोष नव्हता, भाई. मी खोटं बोललो. माफ करा मले."